वाकळ वाळत घालताना

पहाटे साडेतीनला स्वरूपा उठून बसते.
मला कळतं, कारण ती आवाज करत नाही.
सात वर्षांची पोर
अंधारात फ्रॉक पिळते
न्हाणीत, थेंब थेंब,
नळ सोडला तर आई जागी होईल म्हणून.

मी दारात उभा. लाइट लावत नाही.
"काय गं?"
"पाणी सांडलं."
"बरं. सांडतंय पाणी."
मग दोघं मिळून वाकळ उचलतो,
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
नवं कपाट घरात घेताना उचलावं तसं, जपून,
आणि मागच्या दोरीवर टाकतो,
संडासाच्या भिंतीकडे,
जिथं कुणाचं लक्ष जात नाही.

दिवसा मी जवाहरनगरात चपला शिवतो.
कातडं रात्रभर टबात भिजत घालावं लागतं,
कोरडं कातडं आरीखाली चिरतं.
हे तिला सांगावं असं आलं होतं मनात एकदा.
मग म्हटलं, पोर म्हणजे काय कातडं नव्हे.
गप्प बसलो.

उपाय सगळ्यांकडे आहेत.
शेजारच्या आक्का: तीळ-गूळ चारा.
गडहिंग्लजचा मेव्हणा: चारचौघांत एकदा लाजवा,
बंद होतंय का नाही बघा.
राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी
तपासून झाल्यावर वैजयंताला एवढंच विचारलं,
"घरात कोण रागावतं का हिला?"
आणि स्वरूपाला म्हणाल्या,
"तुझ्या वर्गात आणखी दोघं-तिघं असतील बघ.
ती पण कुणाला सांगत नसतील."
येताना रिक्षात ती
बोटांवर पोरांची नावं मोजत होती.

मग मावशीचं लग्न निघालं, गडहिंग्लजला.
"माझं पोट दुखतंय," स्वरूपा म्हणाली.
लग्नाला अजून नऊ दिवस होते.
एका सतरंजीवर चौदा पोरं झोपणार,
हे तिनं आधीच कुणाकडून तरी काढून घेतलेलं.

त्या संध्याकाळी मी कापशीला गोंडे लावत होतो,
ती शेजारी वाद्यांचा गुंता सोडवत.
मान वर न करता सांगितलं,
"मी नऊ वर्षांचा होईस्तोवर भिजवायचो."
तिचे हात थांबले.
"तुम्ही?"
"मी. आणि आमचे दादा वाकळ
पुढच्या भिंतीवर टाकायचे, रस्त्याकडं.
शाळेला जाणारी पोरं नकाशा बघायची.
कोण म्हणायचं हा पन्हाळा,
कोण म्हणायचं पंचगंगेला पूर आलाय."
ती हसली. मग हसायची थांबली.
"मग बंद कधी झालं?"

मी आठवायला लागलो.
वाकळ आठवली. भिंत आठवली,
तिचा निळा चुना, पोपडे.
दादा न बोलता दोरीसारखी पिळायचे वाकळ, तेही.
पण थांबलं ती रात्र?
"आठवत नाही गं."
"म्हणजे थांबलेलं कळत पण नाही?"
"न्हाई."
बराच वेळ ती त्याच्यावर विचार करत बसली.
एक वादी सोडवली, दुसरी घेतली.

गडहिंग्लजला पिशवीत दोन जादा फ्रॉक,
फुलाफुलांच्या चादरीला आतून
वैजयंतानं शिवलेलं रबरी कापड.
स्वरूपा कडेला झोपली, माझ्या हाताशी.
दोन वाजता तिनं मला उठवलं की मी तिला,
नक्की सांगता येत नाही.
मांडवात एकच ट्यूब, खुर्च्यांची चळत,
आम्ही दोघं चपला हातात घेऊन चोरासारखे.
पहिली रात्र कोरडी गेली.
दुसरी नाही.

सकाळी हळदीच्या पिवळ्या साड्यांमध्ये
तिनं आपला फ्रॉक स्वतः टाकला,
टाचा उंचावून, चिमटा लावून.
त्याच मेव्हण्याच्या पोरीनं विचारलं,
"ह्यो का गं ओला?"
चहाचा कप तोंडाशी नेलेला, मी तसाच थांबलो.
"रात्री भिजला," स्वरूपा म्हणाली,
"वाळंल की आता."
"हं," ती पोर म्हणाली,
आणि दोघी नवरीची मेंदी बघायला पळाल्या.

दोरी पुढच्या अंगणातली होती,
हे माझ्या नंतर लक्षात आलं.